एकतीस तारखेनंतरची घंटा

माझी आत्या अठ्ठावीस वर्षं एका फोनपाशी बसली. त्या फोनला डायल नव्हती. उजव्या अंगाला एक दांडी होती. ती फिरवली की सीमेपलीकडच्या तशाच एका खोलीत घंटा वाजायची. दोन्ही देशांच्या सेनापतींना एकमेकांशी बोलायचं झालं तर हीच एक तार. आत्याच्या काळात ते या तारेवर चार वेळा बोलले. बाकीचे सगळे दिवस आत्या आणि पलीकडचा ऑपरेटर तार जिवंत आहे एवढंच बघत होते. सकाळी नऊला घंटा. "आवाज स्पष्ट?" "स्पष्ट." "इकडेही स्पष्ट." रजिस्टरात वेळ, खाली सही.

माझे बाबा तिला चिडवायचे, "दोन देशांचं बोलणं हिच्या हातात, आणि घरात काही विचारलं तर 'हं'च्या पुढे गाडी जात नाही."

"तुझा आवाज तीन घरांपलीकडे स्पष्ट असतो," आत्या म्हणायची. "तपासायचं काय त्यात?"

घंटा कुणी द्यायची याचा नियम दोन्ही देशांनी या तारेसाठी केलेल्या करारात होता. सम तारखेला आपण, विषम तारखेला ते. आत्या नवीन लागली तेव्हा आपली बाजू वजनदार होती. त्यांची घंटा नऊला पाच कमी असतानाच यायची, शाळेत लवकर पोचणाऱ्या मुलासारखी. मग त्यांनी बंदर बांधलं, लढाऊ जहाजं घेतली, एका बड्या देशाशी मैत्रीचा तह केला. घंटा नऊला यायला लागली. पुढे नऊ वाजून चार मिनिटांनी. एका वर्षी नऊ वाजून अकरा. राजदूतांच्या अहवालात जे वर्षभराने उतरायचं, ते आत्याच्या रजिस्टरात मिनिटांच्या रकान्यात आधीच बसलेलं असायचं. तो रकाना कुणी वाचत नसे.

नियमात एक भोक होतं. एकतीस तारीख विषम आणि तिच्यानंतरची एक तारीखही विषम. म्हणजे त्यांनी लागोपाठ दोन दिवस घंटा द्यायची. जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती मुकाट्याने दिली. आत्याच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना त्यांचं पत्र आलं: लागोपाठ दोनदा आम्ही का? एकतीसनंतरच्या एक तारखेला तुम्ही द्या. आपल्याकडून उत्तर गेलं: नियम म्हणजे नियम.

त्याच महिन्याच्या तीस तारखेला त्यांची एक गस्तीची बोट समुद्रात बेपत्ता झाली. ते म्हणाले, तुम्ही बुडवली. आपण म्हणालो, आम्ही पाहिलीसुद्धा नाही. दोन्हीकडची जहाजं बाहेर पडली. एकतीसला त्यांची घंटा आली, नऊ वाजून तेरा मिनिटांनी. मग उजाडली एक तारीख.

नऊ वाजले. साडेनऊ. फोन गप्प.

खोलीत तिघं होते. आत्या, तिचे साहेब, आणि तारा जिथे जोडतात त्या जोडपेटीपाशी स्टुलावर बसलेला लाइनमन. त्याला सगळे पक्कड म्हणत, कारण ती कायम त्याच्या खिशात असायची आणि त्याच्या हातात पडलेली गोष्ट सुटायची नाही.

"साहेब, मी दांडी फिरवते," आत्या म्हणाली.

"बाई, हात लावायचा नाही. वरून आदेश आहे. आली तर उचला. आपण द्यायची नाही."

"आणि आलीच नाही तर?"

याचं उत्तर तिघांनाही पाठ होतं. बारापर्यंत तपासणी झाली नाही तर तार तुटली असं धरायचं आणि सैन्याने तयारीची पुढची पायरी चढायची. पलीकडेही हाच नियम. करार एकच होता. पुढच्या पायरीवर तोफांची तोंडं उघडतात आणि माणसं झोपेनाशी होतात. न झोपलेल्या माणसाचं बंदुकीच्या चापावरचं बोट आत्याला ठाऊक होतं. तिचा नवरा अशाच एका तयारीत आपल्याच चौकीच्या गोळीने गेला होता.

अकराला दहा कमी असताना तिने नियमांचं पुस्तक काढलं आणि कलम सतरा मोठ्याने वाचलं. "बिघाड दुरुस्त झाल्यावर, दुरुस्ती करणाऱ्या बाजूने घंटा देऊन तार तपासावी. ही घंटा रोजच्या घंटेत धरू नये."

"पण बिघाड कुठाय?" साहेब म्हणाले.

"तेच म्हणते मी. खोटा लिहायचा नाही मला."

ती उठली. पक्कडच्या खिशातली पक्कड तिने स्वतःच काढून घेतली.

"ताई, अहो माझं नाव जाईल!"

"तुझं कसं जाईल? हात माझा आहे."

तिने जोडपेटी उघडली, तांब्याची एक तार स्क्रूखालून ओढून काढली आणि रजिस्टरात लिहिलं: अकरा वाजून दोन मिनिटे, तार निखळली, कारण ऑपरेटरची चूक. अठ्ठावीस वर्षांत तिच्या नावापुढे हा शब्द कधी आला नव्हता. साहेब भिंतीकडे बघत राहिले. बघणं टाळायला त्या खोलीत खिडकीही नव्हती.

पाच मिनिटांनी तिने तार पुन्हा बसवली, स्क्रू आवळला आणि दांडी फिरवली. पलीकडे घंटा वाजली की दांडी किंचित जड होते. ती जड झाली नाही. पुन्हा फिरवली. हलकीच.

पक्कडने आपलं टोक तपासलं. "आपल्याकडे ठणठणीत आहे ताई. तिकडून मेली."

"म्हणजे तोडली!" साहेबांचा हात दुसऱ्या फोनवर गेला. "वर कळवायला हवं."

"थांबा. नऊपर्यंत तार जिवंत होती का, पक्कड?"

"आत्ता दहापर्यंत होती. मी मीटर लावला होता ना."

"मग? लढायचंच असतं तर रात्री तोडली असती. साहेब, तिकडे एक माणूस बसतो. सात वर्षं त्याचा आवाज ऐकतेय. त्याच्याकडे हेच पुस्तक आहे, हेच कलम सतरा आहे आणि बाराची भीतीही हीच आहे."

"म्हणजे त्यानेही...?"

"गाढवपणा करायला काय, आपणच शहाणे आहोत?"

पक्कडला हसू फुटलं. साहेबांकडे बघून त्याने ते गिळलं.

"तुमचा अंदाज चुकला तर, बाई?"

"तर बारा वाजता कळवा. बाराच्या आत तार माझ्या ताब्यात आहे, हेही पुस्तकातच आहे."

साहेबांनी हात मागे घेतला.

दर दोन मिनिटांनी ती दांडी फिरवत राहिली. अकरा वीस. अकरा तीस. तिचं मनगट सुजलं. पक्कड म्हणाला, मी फिरवतो. ती म्हणाली, सही माझी आहे. अकरा एक्केचाळीसला दांडी हाताखाली जड झाली. तिने लगेच रिसीव्हर उचलला.

"दुरुस्तीनंतरची तपासणी," ती म्हणाली. "आवाज स्पष्ट?"

पलीकडे श्वास ऐकू आला. धावत आलेल्या माणसाचा.

"स्पष्ट. इकडेही दुरुस्तीच चालली होती. स्क्रू हरवला होता."

"बिघाडाचं कारण?"

"ऑपरेटरची चूक."

"इकडेही."

वेळ लिहिली गेली. जहाजं होती तिथेच राहिली. बोट तिसऱ्या दिवशी सापडली, इंजिन बंद पडून भरकटलेली.

त्या दुपारी साहेब तिच्या टेबलाशी आले. ते वाईट माणूस नव्हते. "बाई, तीन महिने राहिलेत. 'ओलाव्यामुळे तार निखळली' असं करून टाकू. मी सही देतो."

"नको, साहेब."

"चौकशी लागेल. निरोपाचा समारंभसुद्धा होणार नाही."

"त्याने खरं सांगितलंय, तसंच लिहिलंही असेल. महिनाअखेरीला दोन्ही रजिस्टरं समोरासमोर ठेवतात. माझ्याकडे ओलावा आणि त्याच्याकडे चूक निघाली, तर चुकणारा तो एकटाच ठरेल. मग पुढच्या वेळी तिकडे कुणी स्क्रू काढणार नाही."

साहेबांनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं आणि तिच्या ओळीखाली 'पाहिले' एवढंच लिहून सही केली.

चौकशी लागली. शेरा बसला. समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने नव्या ऑपरेटरला दांडी कुठे जड होते ते हात धरून दाखवलं, आणि जड होईपर्यंत सोडायची नाही असं बजावून ती घरी आली.