मिक्सरचा ळ

मिक्सरला ज्याचं भय वाटायचं, त्याचा आवाज ती मोबाइलमध्ये भरून घ्यायची. कोपऱ्यावरचा गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर, दातांच्या डॉक्टरचं यंत्र, परीक्षेची घंटा. मग लॅपटॉपवर तो आवाज कापून, ताणून त्यावर गायची. "एकदा गान्यात घातलं का मंग मले त्याचं भेव नाई लागत," असं तिचं म्हणणं. पहिल्याच गाण्यात आईचा मिक्सर वाजला आणि अख्ख्या जठारपेठेने तिला तेच नाव ठेवलं.

मी तिच्या खालच्या मजल्यावर राहणारी, मराठीची निवृत्त शिक्षिका. नाव कमळ. मिक्सरच्या तोंडी मात्र पहिल्यापासून 'कमय मॅडम'. आमच्या वऱ्हाडात ळचा य होतो, हे काय मला ठाऊक नाही? मीही इथलीच. पण त्या एका अक्षरासाठी मी अख्खी नोकरी पोरांच्या मागे लागण्यात घालवली. "जीभ वळव, मिक्सर." "वयवली ना, मॅडम!"

गाणी नेटवर गेली आणि पोरगी हां हां म्हणता मोठी झाली. आइसलँडहून कुणीतरी विचारलं, हे वाद्य कोणतं? तो आमच्या कूलरचा पंप होता. ठिकठिकाणची बोलावणी येऊ लागली. मला कौतुक होतंच, पण धास्ती जास्त. आवाज हे तिचं सगळं भांडवल, आणि ती तो पाण्यासारखा उधळत होती.

अमरावतीच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला आवाज फाटला. डॉक्टरांनी स्वरतंतूवर गाठ सांगितली. साधीच आहे, काढून टाकू, पण आवाज पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही, म्हणाले. त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली. "मॅडम, आवाजच गेला तं मी काय करू?" गॅसवरचं दूध उतू गेलं, ते दोघींनाही कळलं नाही.

मग तिने आपला नेहमीचाच उपाय काढला. ऑपरेशनआधी पूर्ण बाराखडी भरून ठेवायची. आवाज गेलाच, तर संगणक त्या तुकड्यांतून बोलेल, गाईल. फार बोलायची मनाई होती, म्हणून रोज चारच अक्षरं. माझ्याच टेबलावर, माझ्याच जुन्या अंकलिपीतून.

शेवटी शेवटी ळ आला. कितीतरी वेळा यच निघाला. मी हट्टाने पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि एकदाचा लागला, पुणेकरालाही खोट काढता येऊ नये असा. मी टाळी वाजवली. ती हसली नाही. "आता मशीनले येते. मले नाई आलं तरी चालते," म्हणाली.

ऑपरेशन अमरावतीलाच झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर तिचा आवाज आला. "कमळ मॅडम, मी ठीक आहे." ळ अगदी स्वच्छ. ज्या अक्षरासाठी आयुष्यभर घसा कोरडा केला, ते ऐकून मी इतकी कधी भ्याले नव्हते. हे मशीन बोलत होतं. काही दिवस बोलायचं नाही, असं तिच्या आईने सांगितलं होतंच. पण त्यानंतर? रोज एक निरोप यायचा आणि रोज त्यात तो शुद्ध ळ. मी फोन उशीखाली सारून ठेवू लागले.

दहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे आधी नुसता श्वास. मग खरखरीत, कोरडा, एवढासा आवाज.

"कमय मॅडम?"

मी पदराला नाक पुसलं.

"बोला ना. रडून राहिल्या का तुमी?"

"नाई वो पोरी," मी म्हणाले, "डोयात कचरा गेला."