उजळ केलेला चेहरा

डहाणूत माझा फोटो स्टुडिओ आहे. बरोबर समोर तलासरीहून आलेल्या एका बाईने फोटो-प्रिंटचं दुकान टाकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? गुजराती गिऱ्हाइकांना ती गोड आवाजात 'आवो बेन' म्हणायची, आणि इकडे माझा चहा कडू व्हायचा.

अशात सायवनची एक बाई माझ्याकडे आली. नवरा गेलेला, बारावं दोन दिवसांवर. फोटो एकच सापडला होता, कुणाच्या तरी लग्नात मोबाइलवर काढलेला. उजेड पाठीमागून, त्यामुळे चेहरा काळाठिक्कर. असला फोटो सुधारण्यात माझा हातखंडा. काळोखी उचलली, फोटोतले दाणे पुसले, भुवईवरचा व्रण घालवला आणि शेवटी आम्ही स्टुडिओवाले न विचारता करतो ते केलं, चेहरा चांगला गोरा केला. गेलेल्या माणसाला तर आम्ही हमखास गोरं करतो. घरचे खूश होतात.

ही झाली नाही. प्रिंटकडे बराच वेळ बघत राहिली.

"दादा, हा आमचा माणूस नाय," म्हणाली, आणि मोबाइल घेऊन थेट रस्ता ओलांडून गेली.

देवा, समोरच्या बाईकडूनही बिघडू दे, असं मी मनात म्हणालो. बाराव्याला सायवनच्या बाईकडे फोटो नसता तरी मला चाललं असतं, इतका मी जळत होतो. तासाभराने ती बाहेर आली आणि मुद्दाम माझ्या पायरीशी येऊन थांबली. "बघा दादा, हे आमचे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. फोटो लहान होता, थोडा दाणेदार. माणूस सावळा, भुवईवर व्रण, आणि माझ्याकडेच बघतोय असा. मी आतून जळून खाक झालो.

दुसऱ्या दिवशी आईचा जुना रंगीत फोटो घेऊन मी समोर गेलो. लाल पडलेला, अर्धा उडालेला. समोरच्या बाईची फजिती बघायची होती, दुसरं काही नाही.

तिने तो स्कॅन केला. "लाली काढते दादा, पण मूळ रंग यात उरलेलाच नाही. तो घरच्यांनी सांगायचा. काल त्या ताई शेजारी बसल्या होत्या. मी एकेक प्रिंट दारातल्या उजेडात धरत होते, त्या 'अजून सावळे' म्हणत होत्या." मग तिने विचारलं, "तुमच्या आईचा रंग कसा होता?"

मी आठवू लागलो. याच फोटोवरून मी आईची तसबीर केली होती, उजळ करून. बारा वर्षं तिला हार घालतोय. डोळ्यांसमोर ती तसबीरच येत राहिली. आई काही केल्या येईना.

"आठवून सांगतो," म्हणालो आणि उठलो.

समोरच्या बाईचा हेवा अजून वाटतोच. पण सायवनच्या बाईचा त्याहून जास्त वाटतो. तिला निदान 'हा नाय' म्हणता आलं.