पावडरचे चार ड्रम

चीनच्या पुरवठादाराची मेल सकाळी आली. आजपासून पावडरच्या निर्यातीला सरकारी परवाना लागणार, तो कधी मिळेल सांगता येत नाही. मी गोदामात जाऊन स्वतः मोजलं. चार ड्रम. म्हणजे सोळा दिवसांचा साठा.

तळोज्याच्या आमच्या कारखान्यात औषधांचा कच्चा माल बनतो. खरेदी माझ्याकडे. ही राखाडी पावडर, म्हणजे उत्प्रेरक, पडल्याशिवाय रिॲक्टरमधली क्रिया पुढे सरकत नाही. आपल्याकडे ती कुणी बनवत नाही. तिकडून स्वस्त मिळते, म्हणून आम्हीही कधी चौकशी केली नाही.

"कुणालाही विचारा, पण विचारा," मालक म्हणाले. मला एकच व्यक्ती आठवली.

खांदेश्वरला राहणाऱ्या, सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे आल्या होत्या. वापरलेली पावडर अभ्यासाला हवी होती आणि आमच्या लेटरहेडवर दोन ओळी: उद्योगाला या संशोधनाची गरज आहे. "तयार मिळते ना बाई, मग कशाला डोक्याला ताप?" असं म्हणून मी त्यांना चहा पाजला. पत्र दिलं नाही.

त्यांनी दार उघडलं आणि लगेच ओळखलं. "आज चहा माझ्याकडून."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पावडर का मरते, वापरून तिचा गुण का संपतो, ते आम्हाला कळलं होतं. टिकणारी कशी करायची, तिथवर पोचलो नाही. तिसऱ्या वर्षी समितीने विचारलं, उद्योगाला गरज आहे याचा कागद कुठाय? निधी थांबला. माझ्या हाताखालची संशोधक मुलं कोरियाला गेली."

"आता सुरू केलं तर?"

"तीन वर्षं. माणसं मिळाली तर."

"माझ्याकडे सोळा दिवस आहेत."

"मग चुकीच्या घरी आलात. साखर किती घालू?"

मी कारखान्यात परतले. शेडमध्ये आमचे जुने ऑपरेटर उभे होते. खाडीकाठच्या गावचे, वीस वर्षं रिॲक्टर सांभाळणारे काका.

"मॅडम, तुमी सवता ड्रम मोजत व्हत्या. काय हाय?"

"काही नाही."

"मंग तेच मोठ्यानं सांगा ना, सगल्यांना आयकू द्या."

मला जमलं नाही. दोनपैकी एकच रिॲक्टर चालवला तर पावडर दुप्पट दिवस पुरेल, एवढाच हिशेब सुचला. दुसरा बंद करा, असं सांगितलं. तो काकांचाच होता. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला, हात पुसले.

"परत चालू कवा?"

मी गोदामाकडे वळले, ड्रम पुन्हा मोजायला.