भिंगरीकडे जायचा रस्ता

ताडमाडला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते विचारलं नाही तरी मिळायचं. तो शहरात बस चालवायचा. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावरही डोकं छताला लागतंय की काय असं वाटावं एवढा तो उंच, म्हणून डेपोत सगळे त्याला ताडमाडच म्हणायचे. खरं नाव फक्त साहेबांच्या तोंडून ऐकू यायचं, तेही काही चुकलं असेल तरच.

ट्रॅफिकबद्दल त्याचं म्हणणं असं, की रस्ता रुंद केल्यानं गाड्या कमी होत नाहीत. सांडलेली साखर पसरून ठेवली म्हणून मुंग्या काय घरी जातात? टेक्नॉलॉजीबद्दल त्याचं म्हणणं त्याहून कडू होतं. प्रत्येक बसच्या काचेवर हल्ली एक छोटा कॅमेरा बसवला होता. ड्रायव्हरनं जांभई दिली की त्यातून एक बाई गोड आवाजात म्हणायची, "कृपया लक्ष द्या." आरशात बघायला मान वळवली तरी तेच. घरी त्यानं हे तावातावानं सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी जन्मभर हेच सांगतेय. तिचं बरं ऐकता." इंटरनेटवर तर बोलूच नका. त्यांच्या घरात ते फक्त स्वयंपाकघराच्या ओट्याशी, खिडकीकडच्या कोपऱ्यात यायचं. तक्रार केली तेव्हा कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. तुमच्या भागात सिग्नल उत्तम आहे, असं त्यानं वरच्यांना कळवलं. ते कळवायला त्याला जिन्यात जावं लागलं होतं.

पण त्याचं सगळ्यात लाडकं मत बास्केटबॉलवर होतं. खेळ बिघडला, असं तो म्हणायचा. आता जो तो लांबूनच फेकतो. रिंगखाली हात वर करून उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तो स्वतः डेपोच्या टीममध्ये रिंगखाली उभा राहणारा होता. आणि त्याला बॉल आणून देणारा होता भिंगरी, बसच्या सीटा दुरुस्त करणारा सुतार. ठेंगणा, पण पायाला चाकं लावल्यासारखा. तिघांच्या मधून गिरकी घेऊन निघायचा आणि न बघता पास द्यायचा. ताडमाडचे हात जिथे असतील तिथेच बॉल येऊन पडायचा. दोघं मिळून एकच माणूस होतो, असं ताडमाड सांगायचा, डोकं त्याचं, उंची माझी. पुढे ताडमाडचे गुडघे गेले. तेव्हाही त्यानं विनोद केला, की माझी अक्कल तिथंच होती, आता तीही गेली. मग डेपोतलं कोर्टही गेलं. तिथं विजेवरच्या बस चार्जिंगला उभ्या राहू लागल्या.

त्यानंतर भिंगरीला अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द खोल विहिरीतून ओढून काढावा तसं. बायको आधीच वारलेली, त्यामुळे लेकीनं त्याला आपल्या घरी नेलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ताडमाड सुटीच्या दिवशी न चुकता जायचा. मग वाटेत उड्डाणपुलाचं काम सुरू झालं आणि अख्खा दिवस जाण्यायेण्यात संपायला लागला. पोचेपर्यंत भिंगरी गोळी घेऊन झोपलेला असायचा. शेवटी लेकच म्हणाली, काका, एवढी दगदग करू नका, व्हिडिओ कॉल करत जा.

त्यातून भलतंच निघालं. ताडमाड ओट्याशी उभा राहून फोन धरायचा. पलीकडे भिंगरीचं वाकडं तोंड अर्धवट उघडं राहून थांबायचं, आणि तो शब्द शोधतोय की नेट अडकलंय हे काही केल्या कळायचं नाही. ताडमाड म्हणायचा, "गेलं वाटतं." तेवढ्यात तो शब्द यायचा, आणि याच्या आवाजाखाली दबून जायचा. असं कितीदा तरी झालं. एकदा लेकीनं फोन स्वतःकडे घेतला.

"काका, नेट नाही गेलेलं," ती हळूच म्हणाली. "बाबा बोलतायत."

ताडमाड त्या दिवशी जेवला नाही. बायकोनं कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाला.

मग शहराची टीम बास्केटबॉलच्या फायनलला पोचली. ताडमाडनं ठरवलं, ही मॅच भिंगरीशेजारी बसूनच बघायची. त्यानं ड्यूटी बदलून घेतली, लेकीला कळवलं आणि दुपारचं जेवण उरकून लगेच निघाला. उड्डाणपुलाच्या कामापाशी बस थांबली ती थांबलीच. लोक ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत होते. तो बिचारा पोरसवदा, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. ताडमाडनं फोनवर मॅच लावून बघितली. एक खेळाडू उडी मारून हवेतच राहिला. त्यानं फोन खिशात टाकला, उतरला आणि चालायला लागला. गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता.

लेकीनं दार उघडलं तेव्हा तो चौकटीला धरून उभा होता. शेजारच्या घरातून जिंकल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता. लेक म्हणाली, "संपली, काका. बाबांनी टीव्ही लावूच दिला नाही. तुम्ही आल्यावर लावू म्हणाले."

तिनं तीच मॅच पहिल्यापासून लावली. तिच्या घरचं इंटरनेट चांगलं होतं, चित्र एकदाही अडलं नाही. भिंगरीला उशीला टेकवून बसवलं होतं. तो आणखीच लहान दिसत होता, धुऊन आकसलेल्या सदऱ्यासारखा. जिंकणार कोण हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी बघत बसले. पडद्यावर एक उंच खेळाडू रिंगखाली हात वर करून उभा होता, आणि बाकीचे लांबून फेकत होते.

"दे… की… त्याला," भिंगरी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंड हलत नव्हतं, आवाज नव्हता, नुसतं पाणी.

लेकीनं पदरानं पुसलं. झटक्यानंतर असं होतं म्हणाली, त्याला कारण लागत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ताडमाडनं मान हलवली. कारण नव्हतं, की होतं? आणि होतं तर कुठलं? तो उठला. शेवटची बस चुकेल म्हणाला, खरं तर बाहेर अजून उजेड होता. भिंगरीनं डाव्या हातानं त्याची बाही धरली. पकड चांगली घट्ट होती. ताडमाडनं ती बोटं एकेक करून सोडवली आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

तो गेला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. बायकोनं विचारलं की ट्रॅफिक म्हणायचा. फोन आला की ओट्यापासून लांब जाऊन उभा राहायचा, मग तो आपोआप तुटायचा. काही दिवसांनी फोन येणंही थांबलं.

उड्डाणपूल पुरा झाला. रस्ता खरंच मोकळा झाला, आणि नव्या मार्गावर ताडमाडलाच टाकलं. पूर्वी जिथं अख्खा दिवस जायचा, तिथं आता तो चहा पिऊन निघाला की दुसरा चहा व्हायच्या आत पोचायचा. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबा होता. दिवसातून कितीदा तरी तो तिथं दार उघडायचा आणि लावायचा. बायकोला हा मार्ग कुठून जातो ते त्यानं सांगितलं नाही.

एके सकाळी दवाखान्याच्या थांब्यावर पुढच्या दारानं लेकच चढली, हातात औषधांची पिशवी. ताडमाडला बघून थबकली. तोही तिच्याकडे बघत राहिला. मागचे लोक पुढं सरका म्हणायला लागले तशी ती त्याच्या सीटमागच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिनं काही बोल लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं गुडघ्याची चौकशी केली.

पुढचा थांबा सुटल्यावर, समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता, त्यानं विचारलं, "विचारतो का गं माझं?"

"आधी विचारायचे," ती म्हणाली. "हल्ली नाही विचारत."

तिच्या गल्लीशी त्यानं बस थांबवली. येते काका, म्हणून ती उतरली. त्यानं दार लावलं, आरशात बघितलं आणि गाडी पुढं काढली.