चौथ्या नंबरचं घर

सासूने माझं गाठोडं अंगणात फेकलं आणि दाराला आतून कडी घातली. गाठोड्यात दोन लुगडी, एक चोळी आणि माझा फणी-करंडा होता. आत माझा नवरा तापात बडबडत होता. तापाचा तो बारावा दिवस. तो पाणी मागत होता आणि मला दाराबाहेर ते ऐकू येत होतं.

"आत्याबाई, कडी काढा. पाणी तरी पाजू द्या त्यांना."

"तुझ्या हातचं पाणी न्हाई लागत त्याला. खाल्लंस माझ्या लेकराला! चाकाला हात लावलास, आता त्याला हात लावायचा न्हाई."

अंगणाबाहेर दहा-बारा बाया उभ्या होत्या. माझी सहा वर्षांची मुलगी आत होती, तिचं रडणंही ऐकू येत होतं. आदल्या दिवशी देवऋषी येऊन गेला होता. तो म्हणाला, चाक कोपलंय. जिने हात लावला तिला तीन दिवस उंबऱ्याबाहेर ठेवा, ताप उतरेल. सासूने त्याचं ऐकलं. तीन दिवसांत माझा नवरा मरणार हे मला दिसत होतं. मी काही डॉक्टर नव्हे, पण मरायला टेकलेलं माणूस मी आधी पाहिलं होतं.

चाकाला हात मी लावला होता, हे खरं आहे. ते कसं झालं ते आता सांगते.

आम्ही कुंभार. कुंभाराच्या घरात चाक फक्त पुरुषाने फिरवायचं. बाईने फिरवलं तर वर्षाच्या आत घरचा कर्ता जातो, असं सगळे मानायचे. बाकीची सगळी कामं बाईची. माती चाळायची, राख आणि लीद घालून तुडवायची. चाकावर मडक्याचा नुसता गळा आणि जाड बूड निघतं. त्याचं पोट आतून दगड धरून, बाहेरून लाकडाच्या थापीने ठोकून आम्ही वाढवायचं. नवरा चाकावर एक घटका बसला की मला पुढे अर्धा दिवस थापायला लागायचं. पण मडकी कुणाची, तर कुंभाराची.

दुष्काळाचं साल होतं. बहात्तरचा पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा आला तेव्हा आमच्या तलावाचं बूड उघडं पडलं होतं. त्यात काळी, चिकट, फार चांगली माती होती. पण तिथे दुष्काळी काम चालू होतं आणि मुकादमाने आमची गाढवं हाकलून लावली. मातीवाचून घर बसलं होतं. तेवढ्यात ग्रामसेवक येऊन सांगून गेले की पुण्याकडची काही मंडळी जीपमधून गावोगाव फिरतायत, कारागिरांच्या घरी जाऊन त्यांचं काम बघतायत. आपल्या गावातली चार घरं त्यात घेतली आहेत. ज्यांचं काम बघून पाहुणे नाव लिहून घेतील, त्यांना तलावातली माती उचलायची चिठ्ठी मिळवून देऊ.

ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. त्यांनी चारही घरांच्या दारांवर खळीने नंबरांचे कागद चिकटवले. आमचा नंबर चौथा.

पाहुणे आले त्या दिवशी सगळं गाव त्यांच्यामागे फिरलं. मीही गेले. नवऱ्याला परवापासून ताप होता, पण सकाळी तो उठून बसला होता. आपली पाळी येईपर्यंत बघून येते, असं मी त्याला म्हणाले. पहिलं घर घोंगडीवाल्याचं, आमच्या शेजारचंच. बारा वर्षं मी त्याच्या शेजारी राहत होते, पण त्याचा माग कधी आत जाऊन बघितला नव्हता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तो बसलेला, आणि चिंचोक्याच्या खळीचा वास. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "लोकर कोण कातते?"

"घरातच हुतं ते," घोंगडीवाला म्हणाला.

"घरात म्हणजे कोण?"

"हीच. बसल्या बसल्या करती."

त्याची बायको माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "बसल्या बसल्या! मंग ह्यो काय उभ्यानं इनतो व्हय?" आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो. पाहुण्यांना ते ऐकू गेलं नाही. फोटो घोंगडीवाल्याचा निघाला.

दुसरं घर बुरुडाचं. दुष्काळी कामावर माती वाहायला पाट्या लागायच्या, म्हणून त्या घराला त्या साली उसंत नव्हती. बुरुडीण कोयत्याने बांबू चिरत होती. असं सरळ चिरायची की बघत राहावं. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, सावली पडते." ती बाजूला झाली. तिचा नवरा पाट्या बाजारात न्यायचा, विणायचा कधी नाही. त्याने अर्धी झालेली पाटी मांडीवर घेतली आणि फोटोसाठी बसला.

"अवो, उलटी धरलीया," मागून ती म्हणाली.

त्याने पाटी फिरवली. फोटो निघाला. ह्या वेळी मला हसू आलं नाही.

तिसरं घर दोरखंडवाल्याचं, गावाबाहेर. घायपाताचे दोर तो वळायचा आणि सगळ्या गावाचे बैल त्याच्याच दोराने बांधलेले असायचे. जीप तिकडे गेली. गावातली माणसं वेशीपाशीच थांबली, कारण त्या वस्तीत आमच्या जातींच्या लोकांनी जायचं नसे. मीही थांबले. इतरांवर रागावत आलेली मी, तिथे मात्र चार पावलं पुढे टाकली नाहीत. ते मी कबूल केलं पाहिजे.

घरी आले तर नवरा पडवीत आडवा पडलेला, अंग तव्यासारखं तापलेलं. सासू टँकरच्या रांगेत गेली होती. तोवर जीप आलीच.

"कुंभार कुठाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ताप चढलाय त्यांना."

"पाच मिनिटं बसव की."

"उभं राहवत न्हाई, बसवू कसं?"

"अगं, मग चाक बंद ठेवायचं का? पाहुण्यांनी लिहायचं काय?"

त्या पाहुण्या बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला नाही येत का?"

मी म्हणाले, "येतं."

ते मी ठरवून बोलले नाही. पण खोटंही नव्हतं. पुणतांब्याला माहेरी वडील मडकी घेऊन बाजाराला गेले की मी त्यांचं चाक फिरवायची. दोनदा सापडले, दोनदा मार खाल्ला. चौथीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि मला हे येतं ही गोष्ट मी सासरी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

मी पदर खोचला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली माती चाकावर ठेवली, चाकाच्या भोकात दांडा घातला आणि चाक गरगर फिरवलं. पहिला गोळा नीट बसला नव्हता. तो उडाला आणि भाऊसाहेबांच्या पायजम्यावर जाऊन चिकटला. पोरं हसली. दुसरा गोळा मी मधोमध दाबून बसवला. त्याचं एक बोळकं निघालं, लग्नात लागतं तसलं. एका बाजूने जाड होतं. मी ते दोऱ्याने कापून खाली घेतलं. तोवर कुणी हसत नव्हतं. घोंगडीवाल्याची बायको तेवढी मला बघून मान डोलवत होती. पाहुण्या बाईंनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी ते वहीत लिहिलं.

सासू आली ती त्याच वेळी. डोक्यावर हंडा होता. तिने मला चाकापाशी पाहिलं, माझे मातीचे हात पाहिले. हंडा तिने सांडला नाही. त्या साली कुणीच हंडा सांडत नव्हतं. पाहुणे गेले. मग तिने चाक गोमूत्राने धुतलं, हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, "वरीस सरायच्या आत..."

नंतर ताप उतरलाच नाही. गावात आणखी दोघं पडली होती, सुताराची सून आणि वरच्या आळीतला एक म्हातारा. टँकर चुकला की आम्ही सगळे गावच्या एकाच विहिरीचं बूड वाटीने खरवडून गढूळ पाणी प्यायचो. मी सासूला म्हणाले, "सुताराच्या घरात कुंभाराचं चाक न्हाई. तिला कशानं आला ताप? आन् ह्यांना ताप आदी आला, चाक मी मागनं फिरवलं."

"त्वांड वर करून बोलती!" सासू म्हणाली. गावातही कुणी दिवस मोजायला तयार नव्हतं.

तर त्या सकाळी मी अशी अंगणात होते. पुढच्या दाराला कडी. घरात शिरायची दुसरी वाट पडवीतून होती, पण बाधा आत येऊ नये म्हणून देवऋषीने चाक खुंटावरून उतरवून त्या दारात आडवं ठेवायला लावलं होतं. कुंभाराचं चाक कुणी ओलांडत नाही. म्हणून त्या दाराला कडी घालायची सासूला गरज वाटली नव्हती.

मी चाकावर पाय देऊन आत गेले.

नवऱ्याला आधी पाणी पाजलं, मग उचललं. तापाने तो हलका झाला होता आणि मी रोज ओल्या मातीच्या पाट्या उचलणारी बाई होते. सासू माझ्या पाठीत केरसुणी मारत होती. मी तिला म्हणाले, "मारा. पण पोरीला पाजायचं पाणी उकळून पाजा."

राहुरीच्या दवाखान्याला जायची गाडी जिथे मिळायची तो डांबरी रस्ता अडीच कोसांवर. बैलगाडी मिळणं शक्य नव्हतं, सगळ्या गावाचे बैल चाऱ्यासाठी छावणीत गेले होते. गाढवांना कुणी छावणीत घेत नाही, म्हणून आमची दोन गाढवं तेवढी दारात होती. थोराड गाढवावर मी गोणपाट टाकलं आणि नवऱ्याला त्यावर पालथा घातला.

माणसाला गाढवावर बसवतात ते त्याची धिंड काढायला. हे मलाही कळत होतं. गावातून जाताना माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली. एक जण ओरडला, "अगं, त्वांड काळं करायचं राह्यलं की त्याचं!"

"माझं कर की, ये," मी म्हणाले. "ये, हात लावून बघ."

तो आला नाही.

वेशीच्या पुढे गेल्यावर नवरा एका बाजूने घसरायला लागला. मी एका हाताने त्याला आणि एका हाताने गाढवाला धरलं होतं. दोरखंडवाला आपल्या दारात दोर वळत बसला होता. तो उठला, वळलेला नवा दोर घेऊन आला, आणि नवऱ्याच्या कमरेवरून, गाढवाच्या पोटाखालून घेऊन त्याने बरोबर बांधलं, काचणार नाही असं. मग तो दुसऱ्या बाजूने चालायला लागला.

बरंच चालल्यावर मी म्हणाले, "दादा, त्या दिशी समदे कारागीर बघितले मी, पर तुमच्याकडं आले न्हाई."

"आता आलायसा की वैनी," तो म्हणाला. "गाढव सावलीनं घ्या."

रस्त्यावर एसटी आली, पण कंडक्टरने तापाचा माणूस बघून घंटी मारली. मग मिलोची, दुष्काळात वाटायच्या त्या परदेशी लाल ज्वारीची, पोती घेऊन जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने आणि दोरखंडवाल्याने मिळून नवऱ्याला पोत्यांवर चढवलं. गाढव दोरखंडवाला परत घेऊन गेला. त्याचा दोर माझ्याबरोबर राहुरीला आला.

राहुरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? बारा दिवस झाले, मी म्हणाले. दिवस विचारणारा तो पहिला माणूस. त्यांनी सांगितलं, टायफॉईड आहे, पाण्यातून आलाय, फार उशीर केलात. मी म्हणाले, उशीर मी केलेला नाही. एकोणीस दिवस मी तिथल्या व्हरांड्यात काढले.

परत आलो तेव्हा सासूने लेकासाठी दार उघडलं. मला आत ये म्हणाली नाही. मीच आत गेले. पुढच्या आठवड्यात जातीचे पंच आले. मी चाकावर नाक घासून माफी मागायची, असं त्यांचं म्हणणं होतं. चाक खुंटावर बसवलेलं होतं आणि नवरा भिंतीला टेकून पेज पीत होता.

"तुमीच म्हनता ना, वर्साच्या आत मानूस जातो?" मी म्हणाले. "मंग वरीस सरू द्या. ते गेले तर नाक घासते, न्हाईतर तुमी घासा."

नवऱ्याने वाटी खाली ठेवली. तो बारीक आवाजात म्हणाला, "तिला काय बोलू नका."

पंच चहा न घेता गेले.

मातीची चिठ्ठी आली. बाईंनी नाव माझं लिहून घेतलं होतं, पण चिठ्ठीवर नाव नवऱ्याचं होतं. मी ती मुकादमाला दाखवली आणि माती आणली. नवऱ्याच्या हातात जोर यायला चार महिने लागले. चार महिने चाक मी फिरवलं आणि पोटंही मीच थापली. मी चाकावर असले की सासू माझ्याकडे पाठ करून बसायची. मडकी भाजून निघाली की मात्र बाजाराला तीच न्यायची. वर्ष सरलं त्या दिवशी मी पंचांची वाट बघितली. कुणी आलं नाही.

त्या तापात आमच्या गावात तिघं पडली होती. सुताराच्या सुनेला घरीच ठेवून अंगारे लावले, ती गेली. वरच्या आळीतला म्हातारा गेला. माझा नवरा जगला, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं.