नकाशातला आमचा माठ

दुष्काळाची ती सालं. शहर पार शेंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत पसरत चाललेलं, आणि जुन्या दरवाजाजवळच्या आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, तोही रडतखडत. नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की पर्यटकांना शहराचे जुने दरवाजे आणि जुनी नहर पायी दाखवायची, अन् रस्ता मोबाइलच्या नकाशावर. वा रे वा! ज्या नहरीनं एके काळी गावाला पाणी पाजलं, ती बघायला माणसं कोरड्या घशानं हिंडवायची.

त्या रस्त्याच्या मोजणीला दोन साहेब आले. तोंडं उन्हानं लाल झालेली. आमच्या ओट्यावर टेकले. माझ्या सासूबाई सोयगावकडच्या. दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. त्यांनी माठातलं गार पाणी दिलं. साहेब खूश! जाताना एकानं मोबाइलवर बोट टेकवलं आणि नकाशात आमच्या घरावर निळा थेंब उमटला: पिण्याच्या पाण्याची सोय.

झालं! माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन दारात यायला लागली. एकाला मी म्हटलं, "अहो, हे घर आहे, पाणपोई नाय." तर मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणतो, "मौसी, मॅप में तो दिख रहा है!" मॅपमध्ये दिसतंय म्हणजे माठात असणारच, व्हय ना? सासूबाई मात्र ज्याला त्याला भरून देत. एकदा माझ्या लेकीला ताप होता, तर गोळीपुरतं पाणी शेजारून मागून आणावं लागलं. तेव्हा माझं डोकंच फिरलं.

फोन करकरून मी त्या नकाशावाल्यांच्या ऑफिसला भंडावून सोडलं. उत्तर एकच: "ताई, थेंब असा पुसता येत नाही. आमचा माणूस येईल, पाणी नसल्याची खात्री करेल, मग पुसू."

तो येणार त्या दिवशी मी सासूबाईंना सकाळपासून पढवलं. "आत्याबाई, आज पाणी विचारायचं नाय. तोंडातून शब्द काढायचा नाय."

"व्हय गं बाई, मी काय कुकुलं बाळ हाय का?"

माठ आतल्या खोलीत नेला, वर गोधडी टाकली.

माणूस आला ऐन दुपारी. मुकुंदवाडी स्टेशनला गाडीतून उतरलेला, अन् त्यांच्याच नकाशानं गल्लोगल्ली फिरवून आणलेला. ओट्यावर बसला नि त्याला ठसका लागला. सासूबाईंनी पदर दातात धरला, मान फिरवली. शब्द पाळला म्हातारीनं, पण डोळे भरून आले त्यांचे. ठसका काही थांबेना. मलाच बघवेना. उठले, आत गेले, गोधडी बाजूला केली आणि तांब्या भरून आणला.

तो घटाघटा प्यायला. तोंड पुसत म्हणाला, "ताई, पाणी तर आहे की!" आणि आमच्या थेंबावर हिरवी खूण करून टाकली. खात्री झाली.

मला स्वतःचाच असा संताप आला, की काय सांगू.

सासूबाईंनी पदर सोडला. "आता बोलू का मी?"

"बोला."

"अजून एक तांब्या दे त्याला. तहान भागली नाय लेकराची."

दिला. माठ तिरपा करावा लागला.