मास्तरांची उलटी फेरी

आमच्या समोरच्या दारात टेलरमास्तर राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पायमशीन चालवलं. अख्ख्या बिल्डिंगच्या कमरांची मापं त्यांच्या वहीत आहेत, पण कोणाची किती वाढली हे मला कधी सांगत नाहीत. माणसात एवढाच काय तो दोष.

गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा नवा आला, पण वाकायचं नावच घेईना. डॉक्टरांनी बजावलं, "सोमवारपर्यंत पुरेसा वाकला नाही, तर भूल देऊन आम्ही वाकवू." मास्तरांची झोपच उडाली. आपण बेशुद्ध पडलेले आणि कोणीतरी आपला पाय पिळतंय, हे काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घरातल्या घरात सायकल मारा. आमची व्यायामाची सायकल होतीच. माझ्या नवऱ्याने पोट उतरवायला आणलेली. पोट जागच्या जागी आहे, सायकल टॉवेल वाळवून दमली. ती मीच ढकलत समोर नेली आणि त्या निमित्ताने रोज तिथे ठाण मांडून बसू लागले.

बाईंनी सीट उंच केली, ब्रेकची मूठ पार सैल सोडली. "पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. पूर्ण फेरी नाही झाली तरी चालेल, पाय नुसता मागे-पुढे झुलवा."

झुलवणं मास्तरांना काय शिकवायचं? पाय अशा लयीत हलू लागला, की मला वाटलं आता पलीकडून शिवलेली बाही बाहेर पडणार. पण पॅडल वर आलं की अडायचं. फेरीचा माथा चार बोटांवर राहायचा. मग मास्तर हळूच कंबर उचलून चोरी करायचे.

"कंबर खाली," बाई म्हणायच्या.

"यांची चोरी आज पहिल्यांदा पकडली गेली," मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या. "एरवी गिऱ्हाइकाचं कापड कधी उरलंच नाही."

शुक्रवारी बाई म्हणाल्या, "उलटं फिरवून बघा. बऱ्याच जणांची पहिली फेरी उलटीच होते."

मास्तरांनी पाय खाली घेतला. "उलटं नाही जमायचं. चाक उलटं गेलं की दोरा तुटतो."

"अहो मास्तर, इथे दोरा आहे कुठे?" मी विचारलं.

"पायाला ते कुठे कळतंय?"



शनिवार गेला. रविवारी संध्याकाळपर्यंत तीच चार बोटं. मास्तर सीटवरून शिलाई मशीनकडे बघत होते. मग म्हणाले, "अगं, मशीनचा दोरा काढून ठेव."

वहिनी कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेल्या, सुईतून दोरा ओढला, रिळावर गुंडाळला आणि रीळ मास्तरांना दिसेल असं हातात धरून उभ्या राहिल्या.

मास्तरांनी पॅडल मागे दाबलं. ते चढलं, चार बोटांवर अडलं, थरथरू लागलं. कंबर सीटवरून तसूभर उचलली नाही. मी इतकी जवळ होते, की त्यांच्या कानशिलावरची शीर उडताना दिसत होती. आणि पॅडल माथ्यावरून पलीकडे उतरलं.

   एका माणसाचा पाय एकदा गोल फिरला, आणि मी सूर्य उगवताना पाहावा तशी बघत राहिले.

सोमवारी डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि भुलीच्या संमतीचा कागद बाजूला ठेवला. "असं काय केलंत?"

"ते हिला विचारा," मास्तर वहिनींकडे बोट दाखवत म्हणाले.